वसईचा तह आणि पस्तिसांश रणगाडा

आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर रणगाडा असायचाच. वसई गावातल्या आमच्या चाळीच्या अंगणात विटा, गोणपाट आणि लाल माती यांचा डोंगर उभा राहायचा. उतारावर अहळीव पेरलेले, गुहेत वाघ, वर सिंहासनावर महाराज आणि पायथ्याशी पुठ्ठ्याच्या खोक्यातून दरवर्षी बाहेर निघणारे मातीचे मावळे. कोणाचा हात तुटलेला, कोणाची तलवार. त्यांच्याच रांगेत जत्रेतून आणलेले हिरवे प्लॅस्टिकचे सैनिक आणि मागून ढकलला की खडखड करत जाणारा एक रणगाडा. येणारीजाणारी मोठी माणसं हसायची, "अरे, महाराजांकडे रणगाडा कुठला?" आम्हाला त्यात काही चुकीचं वाटत नसे. आपलं सैन्य ते आपलं सैन्य.

त्या 'आपलं'ची गाठ सोडवायला मला पुढे तीस-पस्तीस वर्षं लागली, आणि तीही पुन्हा एका प्लॅस्टिकच्या रणगाड्यामुळेच.

चाळिशी उलटल्यावर मी रणगाड्यांच्या प्रतिकृती जोडायला लागलो. विरार लोकलमध्ये आयुष्यातली बरीच वर्षं उभ्याने काढलेल्या माणसाला रात्री एका जागी बसून दोन तास बोटभर तुकडा घासण्यात काय सुख मिळतं, ते घरच्यांना समजावून सांगणं कठीण आहे. बायकोने ग्रिलमधली जागा दिली, थिनरचा वास घरात येता कामा नये या अटीवर. तिथे एक फळी, एक दिवा, छोटा कॉम्प्रेसर आणि रंगाच्या बाटल्या. बस्स.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेटी उघडली की आत प्लॅस्टिकच्या चौकटी असतात. आंब्याच्या डहाळीला कैऱ्या लटकाव्यात तसे चौकटीच्या काड्यांना भाग लटकलेले असतात. प्रत्येकाला क्रमांक. कटरने तो भाग तोडायचा, काडीची खूण पॉलिश पेपरने घासायची, मग चिकटवायचा. एकेका बाजूला सहा मोठी चाकं आणि प्रत्येक चाक दुहेरी, म्हणजे नुसती चाकं घासण्यातच एक रविवार जातो. ज्या पट्ट्यावर रणगाडा चालतो त्याच्या कड्या सुट्या असतील तर दुसराही रविवार गेला. पेटीत नसलेल्या वस्तू घरात शोधायच्या. ताडपत्रीची वळकटी टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून होते. गाठोडी एमसीलची. वायरलेसचा एरियल हवा असेल तर चौकटीची उरलेली काडी मेणबत्तीवर धरायची आणि मऊ झाली की दोन्ही हातांनी ओढायची. केसासारखी तार निघते.

माप बहुतेक वेळा १/३५. हा आकडा काही कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. जपानमधल्या शिझुओका इथल्या तामिया या मूळच्या लाकूड-व्यवसायातल्या कंपनीने १९६१ साली जर्मन पँथर रणगाड्याचा मोटारवर चालणारा संच काढला. त्याच्या पोटात मोटार आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. तेवढी जागा ठेवल्यावर जे माप निघालं ते पस्तिसांशाच्या आसपास होतं. पुढे मोटारी गेल्या, पण माप राहिलं आणि जगभर रूढ झालं. एखादी तात्पुरती सोय पुढे नियम होऊन बसते, हे मी तिथे पहिल्यांदा लक्षात घेतलं. इतिहासात हे वारंवार भेटतं.

मापाची एक गंमत अशी की लांबी पस्तीस पटींनी कमी होते, पण वजन ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पटींनी. ५२ टनांचा रणगाडा अगदी प्रामाणिकपणे लहान केला तर तो सव्वा किलोच्या आत भरेल. प्लॅस्टिकचा तर त्याहूनही हलका. म्हणूनच खेळणं आणि प्रतिकृती यांतला फरक वजन दाखवता येण्यात असतो. चिखल कुठे साचेल, पट्टा वरच्या बाजूला किती झोळ देईल, माणसं चढून चढून रंग कुठे गेला असेल, हे बरोबर जमलं तर डोळ्यांना ते ५२ टन दिसतात.

रंगाचंही तसंच. खऱ्या रणगाड्याच्या डब्यातला हिरवा जसाच्या तसा प्रतिकृतीला दिला तर ती काळपट दिसते. लहान वस्तू लांबून पाहिल्यासारखी दिसायला हवी, म्हणून हिरव्यात थोडा पिवळट पांढरा मिसळावा लागतो. त्यावर पातळ तपकिरी रंग सोडायचा, तो खाचांत उतरतो. मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा. आणि हे सगळं वसईच्या हवेत! जून ते सप्टेंबर इथे एअरब्रश हातात धरणं म्हणजे संकटाला बोलावणं. दमटपणाने वार्निशवर दुधाळ झाक येते. एकदा सहा आठवड्यांचं काम एका रात्रीत मोतीबिंदू झाल्यासारखं पांढुरकं झालं. तेव्हापासून पावसाळ्यात मी फक्त जोडतो. रंग नवरात्रानंतर.

*

सुरुवातीची काही वर्षं मी इतरांसारखेच जर्मन आणि रशियन रणगाडे केले, कारण संच त्यांचेच मिळतात. मग वाटलं, आपला एखादा करावा. 'आपला' म्हटल्यावर बसंतरची लढाई आठवली आणि मी तैवानी बनावटीचा सेंच्युरियनचा संच मागवला.

सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा. दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी शेवटी तयार झाला, त्यामुळे त्या युद्धात लढला नाही, पण पुढे कोरियापासून गोलान टेकड्यांपर्यंत सगळीकडे लढला. भारताने तो १९५० च्या दशकात घेतला. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत तो पंजाब-सियालकोटच्या आघाडीवर होता. बसंतर ही शकरगढ भागातली नदी. १५ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या पायदळाने ती ओलांडून पलीकडे पाय रोवले. समोर सुरुंग पेरलेले. इंजिनिअर त्यातून वाट काढत होते, पण काम पुरं व्हायच्या आत पलीकडून रणगाड्यांचा आवाज येऊ लागला. लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांच्या हाताखालच्या पूना हॉर्स या रेजिमेंटने थांबायचं नाही असं ठरवलं आणि अर्धवट साफ झालेल्या सुरुंगक्षेत्रातून आपले सेंच्युरियन पुढे घातले.

त्यातल्या एका रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता', क्रमांक जेएक्स २०२. सायप्रसमधल्या एका बंदराचं हे नाव. त्याचा कमांडर सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, वय २१, कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झालेले. युद्ध सुरू झालं तेव्हा तो अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चिलखती दळाच्या शाळेत तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमाला होता. तिथूनच आघाडीवर गेला. १६ डिसेंबरला पॅटन रणगाड्यांच्या प्रतिहल्ल्यात फामागुस्ताला गोळा लागून आग लागली. वायरलेसवरून बाहेर पडण्याचा हुकूम आला, पण तोफ अजून चालते आहे असं सांगून खेत्रपाल लढत राहिला. पुढचा गोळा प्राणघातक ठरला. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. फामागुस्ता पुढे नगरलाच आला. जिथून मुलगा गेला, तिथेच रणगाडा जतन करून ठेवला आहे.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक होती. पण प्रतिकृती करणाऱ्याला गोष्ट पुरत नाही. त्याला खुणा लागतात. कुठल्या तुकडीचा रंग कुठला, आकडा कुठे लिहिला होता, नाव किती मोठं. संचात ब्रिटिश आणि इतर देशांच्या खुणांचे स्टिकर होते, आपले नव्हते. ते हाताने रंगवायचे म्हणून मी पूना हॉर्सचा इतिहास वाचायला बसलो. पहिल्याच पानावर मी अडलो, कारण तिथे पुणं होतंच, पण पुण्याच्या मागे माझं गाव उभं होतं.

*

वसईकराला इतिहास म्हणजे १७३९. किल्ल्यात शिरलं की नरवीर चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. लहानपणी आमच्या शेजारचे एक निवृत्त मास्तर आम्हा पोरांना किल्ल्यात नेत आणि कुठल्या बुरजाखाली सुरुंग लावले, कुठला सुरुंग उडाला आणि कुठला उडाला नाही, मराठे खिंडारातून कसे शिरले, हे हातवारे करून सांगत. मे महिन्यातलं ऊन, घामाघूम मास्तर आणि तटावर बसलेलो आम्ही. १६ मे १७३९ ला पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. इथल्या चर्चमधल्या घंटा मग महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे पूर्वज त्या वेळी तटाच्या आतल्या बाजूच्या जगात राहत होते, हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. आपण जिंकलो, एवढं पुरेसं होतं.

या गावात आणखी एक तारीख आहे. ३१ डिसेंबर १८०२. तिच्याबद्दल मास्तर बोलत नसत. किल्ल्यात मी तिची पाटीही पाहिलेली नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीला, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्याहून पळाला. कोकणात उतरून, किनाऱ्याकिनाऱ्याने, शेवटी इंग्रजांच्या जहाजातून तो वसईला आला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने कंपनीशी तह केला. कंपनी त्याला गादीवर बसवणार. बदल्यात कंपनीची फौज कायमची त्याच्या राज्यात राहणार, तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि दुसऱ्या राज्यांशी काय बोलायचं ते कंपनीला विचारूनच. युद्ध झालं तर पेशव्याने आपलं घोडदळ आणि पायदळ कंपनीच्या मदतीला द्यायचं, असंही एक कलम होतं. पुढच्या मे महिन्यात आर्थर वेलस्ली त्याला पुण्यात घेऊन आला. ज्या गावात चिमाजी अप्पांनी एक युरोपीय सत्ता हटवली, त्याच गावात त्यांच्या भावाच्या पणतवाने नव्हे, नातवाच्या पिढीतल्या पेशव्याने दुसरीपुढे मान तुकवली. मधली वर्षं फक्त त्रेसष्ट.

त्या मदतीच्या कलमाचं पुढे काय झालं? पेशव्याची फौज कंपनीच्या मनासारखी तयार होत नव्हती. मग १३ जून १८१७ चा पुण्याचा तह झाला. गंगाधरशास्त्र्यांचा खून आणि त्रिंबकजी डेंगळ्यांचं प्रकरण यांनी बाजीराव तेव्हा पुरता कोंडीत सापडला होता. या तहाने ठरलं की पेशव्याने घोडेस्वार देण्याऐवजी त्यांच्या खर्चाचा मुलूख द्यावा, स्वार कंपनी स्वतः उभे करील. त्यातून त्याच वर्षी जे घोडदळ उभं राहिलं, त्याचं नाव पूना ऑक्झिलियरी हॉर्स. तेच पुढचं पूना हॉर्स.

म्हणजे माझ्या फळीवरच्या रणगाड्याचा उगम वसईत होता! तहातलं एक कलम पंधरा वर्षांनी रेजिमेंट झालं, आणि ती रेजिमेंट १५४ वर्षांनी बसंतर ओलांडून गेली.

*

पुढचं आणखी अवघड होतं. हे घोडदळ पेशव्याच्या पैशाने उभं राहिलं आणि सहा महिन्यांच्या आत त्याच्याच विरुद्ध लढलं. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कंपनीची जी छोटी तुकडी पेशव्याच्या मोठ्या फौजेसमोर दिवसभर टिकली, तिच्यात मुंबईच्या पायदळाबरोबर या घोडदळाचे अडीचशे-तीनशे स्वारही होते. कोरेगावचा युद्धसन्मान पूना हॉर्सकडे आहे. त्या दिवसाचा अर्थ महाराष्ट्रात वेगवेगळी माणसं वेगवेगळा लावतात. कोणाच्या घरात तो पराभव आहे, कोणाच्या घरात शतकांच्या अपमानाला दिलेलं उत्तर. माझ्यापुरता प्रश्न लहान होता, पण तो टळत नव्हता. दिवाळीच्या किल्ल्यावर मी ज्याला आपला रणगाडा म्हणत होतो, त्याच्या खानदानाला १८१८ मध्ये कुठल्या बाजूला उभं करायचं?

मनाने लगेच एक सोपी वाट शोधली. इंग्रजांचा काळ वगळायचा, रेजिमेंट १९४७ पासून धरायची. आधीचं सगळं 'त्यांचं', नंतरचं 'आपलं'.

पण प्रतिकृती करणाऱ्याला ही सवय फार जवळची असते, म्हणून मला तिचा संशय आला. एका पेटीत एकाच रणगाड्याच्या दोन-तीन प्रकारांचे भाग देतात. तुम्हाला जो प्रकार करायचा त्याचे भाग घेता, बाकीचे चौकटीलाच राहतात. ते उरलेले भाग मी एका बिस्किटाच्या डब्यात टाकतो. पेटीतून आलेलेच असतात ते, त्याच साच्यातले. नको असतात इतकंच. मास्तरांनी १८०२ असंच चौकटीला ठेवलं होतं. मी १८१७ ठेवायला निघालो होतो.

रेजिमेंटने स्वतः तसं केलेलं नाही. १८१७ हेच ती आपलं स्थापनावर्ष मानते. नावातलं पुणंही तिने सोडलं नाही, जरी भरती हळूहळू उत्तरेकडे सरकली आणि राजपूत, जाट, कायमखानी जवान तिचा कणा झाले. पहिल्या महायुद्धात ती फ्रान्समध्ये होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडे जाऊन इंजिनं आली. रिसालदार आणि सवार ही पदनावं मात्र राहिली. रणगाड्यातला जवान आजही सवार.

आणि मग आमच्याच जिल्ह्यातला आणखी एक दुवा सापडला. १९६५ मध्ये पूना हॉर्सचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचं, सैनिकी आयुष्याची सुरुवात हैदराबाद संस्थानच्या फौजेत. फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही ते मागे गेले नाहीत. १६ सप्टेंबर १९६५ ला मारले गेले. परमवीर चक्राच्या मानपत्रानुसार त्या दिवसांत त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे नऊ गमावले. तारापोर हे आडनाव पालघर जिल्ह्यातल्या तारापूरवरून आलेलं. त्यांच्या पूर्वजाने शिवाजी महाराजांच्या सैन्यात पराक्रम केला म्हणून गावं इनाम मिळाली, त्यातलं मुख्य तारापूर, अशी घराण्याची आठवण सांगितली जाते. आज तारापूर म्हटलं की अणुवीज केंद्र आणि कारखाने. तिथल्या किल्ल्यावर चिमाजी अप्पांच्या मोहिमेतल्या मराठ्यांनी १७३९ च्या जानेवारीत, वसईच्या आधी, धडक मारली होती.

लहानपणी मावळ्यांच्या शेजारी रणगाडा ठेवणारे आम्ही अगदीच चुकलो नव्हतो म्हणायचं. फक्त त्या दोघांमधलं अंतर आम्हाला वाटलं तेवढं सरळ नव्हतं. ते वसईच्या तहातून आणि कोरेगावातून जात होतं.

*

रंग द्यायचा नोव्हेंबर आला. माझा भाचा तेव्हा बारा वर्षांचा, सुट्टीला आलेला. त्याने खेत्रपालची गोष्ट ऐकली आणि म्हणाला, "मामा, भोक पाडायचं ना? गोळा लागला ते?" सुई तापवून प्लॅस्टिकला भोक पाडणं सोपं आहे. त्याभोवती जळल्याचा काळा, गंजाचा तांबूस आणि धुराची रेघ, हे सगळं येतं मला. स्पर्धांतून असल्या कामाला दादही फार मिळते.

मी सुई तापवलीही. पण हात पुढे गेला नाही. २००१ सालची एक गोष्ट माझ्या मनात होती. खेत्रपालचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, ८१ व्या वर्षी सरगोध्याचं आपलं जन्मघर पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ज्यांच्याकडे उतरले त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी परतीच्या आदल्या रात्री त्यांना सांगितलं की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. ते ऐकल्यावर बापाने काय केलं असेल, याची कल्पना करताना मी दरवेळी थांबतो. ते भोक अशा दोन म्हाताऱ्यांच्या मधलं होतं. मी ते शोभेसाठी पाडायचं?

"नको," मी म्हणालो. "आपण लढाईच्या आधीचा करू. नदी ओलांडायच्या आधीचा."

"मग आत माणसं हवीत," तो म्हणाला.

हे मात्र बरोबर होतं. पेटीत कमांडरचं कमरेपासून वरचं एक धड होतं, झाकणातून डोकावणारं. पण सेंच्युरियनमध्ये चौघं असतात. गनर नाथू सिंग, चालक प्रयाग सिंग आणि वायरलेस सांभाळत तोफ भरणारा नंद सिंग. नंद सिंग त्याच दिवशी आत मारला गेला. बाकी दोघं जखमी होऊन वाचले. गोष्ट सांगताना मीही आजवर एकाच नावावर थांबत होतो. तेही चौकटीला राहिलेलेच भाग.

आम्ही दोघांनी एमसीलची तीन माणसं केली. पाच सेंटिमीटरच्या आतबाहेरची, ओबडधोबड, आत बसतील अशी वाकवलेली. भाच्याच्या माणसाचं डोकं जरा मोठं झालं, मी ते तसंच ठेवलं. तिघांना आत चिकटवलं आणि वरून टरेट बसवून टाकला. आता ते कोणालाही दिसत नाहीत. पट्ट्यांना चिखल लावायला दिवाळीच्या किल्ल्याची माती वाळवून, चाळून घेतली. शकरगढची माती आमच्या मातीइतकी लाल नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तिच्यात राखाडी रंग मिसळला. तरी थोडी लालच दिसते.

खाली लाकडी पाटी आहे. तिच्यावर फामागुस्ता हे नाव आणि चौघांची नावं. त्याखाली तीन ओळी: वसई १८०२, पुणे १८१७, बसंतर १९७१.

घरी येणारे रणगाडा हातात घेऊन बघतात, "किती हलका आहे हो" म्हणतात आणि मग पाटी वाचतात. दहातले नऊ जण विचारतात, "यात वसई कुठून आली? आणि १८०२ कसं? १७३९ ना?" मग मी चहा टाकायला सांगतो, कारण ते सांगायला वेळ लागतो.